तिच्यावर उजेड पडत नव्हता

"स्वतःचं घर गेमच्या लेव्हलमध्ये बांधू नकोस," ताई म्हणाली होती. "दुसरं कुठलंही घर घे."

"आपल्या घराचं भाडं पडत नाही ना, ताई," म्हणत मी ते हसण्यावारी नेलं.

पुढचं सगळं जसं घडलं तसंच लिहितेय. विश्वास ठेवा, नका ठेवू. पण घरात तान्हं मूल असेल तर शेवटपर्यंत वाचा.

मी व्हिडिओ गेमसाठी लाइटिंग करते. म्हणजे गेममधल्या खोल्यांत दिवा कुठे, ऊन कुठून, सावली किती, ते ठरवते. बाळ झाल्यापासून घरूनच. ताई माझी जुनी सीनियर. तिसरा आमचा बल्ब. प्रत्येकाच्या कामात त्याला एखादा दिवा खटकतोच, म्हणून हे नाव. आम्ही तिघं आपापल्या घरून, कॉलवर, एकमेकांच्या लेव्हल खेळून चुका काढतो. नियम एकच. ज्याची लेव्हल, त्याने माइक बंद ठेवून फक्त ऐकायचं. खुलासे करायचे नाहीत.

गेल्या वर्षीची गोष्ट. भर दुपार. नवरा कामावर. आतल्या खोलीत बाळ नुकतंच झोपलेलं. मी हॉलमध्ये हेडफोन लावून बसलेली... एक कान मोकळा ठेवून.

लेव्हलमध्ये आमचंच घर होतं. मापं आयती मिळाली. खेळणारा दारातून आत येतो आणि उजेडाच्या मागाने बाळाच्या खोलीत पोचतो. तिथे रिकामा पाळणा. त्यात बाळ ठेवायला माझा हात धजावला नव्हता.

बल्ब खेळायला लागला.

"हॉलचा दिवा किती भगभगीत. घर आहे का कपड्यांचं दुकान?"

मी हसले.

"आतली खोली मात्र मस्त जमलीय. आणि ती पाळण्यामागची बाई... काटा आला अंगावर."

बाई?

मी लेव्हलमध्ये एकही माणूस ठेवला नव्हता.

वाटलं, चेष्टा करतोय. तेवढ्यात ताई तिच्या कॉम्प्युटरवर त्याच खोलीत पोचली.

"हो गं, दिसली. पण तिच्यावर उजेडच पडत नाहीये. ऊन पाळण्यावर आहे, मागच्या भिंतीवर आहे. मधे ती उभी, ती मात्र काळीच. सावलीही नाही. एवढं दुरुस्त कर."

मी फाइल उघडून बघितली. पाळणा, कपाट, पडदा, खिडकी.

बाकी काही नाही.

"आता ती वाकली," बल्ब म्हणाला. "बाळ पण हसतंय. कधी केलंस गं एवढं सगळं?"

आणि माझ्या मोकळ्या कानात...

आतल्या खोलीत माझं बाळ खुदखुदत होतं. कुणीतरी समोर तोंड लपवून खेळवावं, तसं.

मग एकदम शांत.

मी धावले. हेडफोनची वायर उपटली गेली.

बाळ जागं होतं. पाळण्यामागे टक लावून बघत होतं. वर... उंच माणसाच्या तोंडाकडे बघावं तसं.

तिथे कुणी नव्हतं.

ऊन पाळण्यावर होतं. भिंतीवर होतं. बाळाला उचलायला मी मागच्या बाजूने हात घातला...

हात मनगटापर्यंत काळा पडला. त्याच्यावर ऊन पडेना.

बाळाला छातीशी घट्ट धरून मी बाहेर आले. वायर निघाल्यामुळे ताईचा आवाज आता स्पीकरवर येत होता.

"बाळाला उचलून नेलं, ते छान. पण ती बाई मागे मागे का येतेय?"

मी वळून बघितलं नाही. अनवाणीच शेजारच्या काकूंचं दार गाठलं.

त्याच आठवड्यात आम्ही घर बदललं. लेव्हल तिघांनीही पुसून टाकली. नवरा म्हणतो, "झोप पुरत नव्हती तुझी." मान्य. मग त्या दोघांनी काय बघितलं?

बाळ आता धावतं, बोलतं. सगळं छान आहे.

फक्त उन्हात बसवलं की... डाव्या खांद्यावर तेवढं ऊन पडत नाही. पंजाएवढी जागा.

डॉक्टर म्हणतात, त्वचेला काही झालेलं नाही. नवऱ्याला तर ते दिसतच नाही. परवा ताईला दाखवलं. तिने नुसतं बाळाला उचलून सावलीत घेतलं.

तुमचं मूल आत्ता दुसऱ्या खोलीत झोपलं असेल, तर उठा. जाऊन बघा. नुसता श्वास चालू आहे का, एवढंच नको.

पडदा सरकवा... आणि त्याच्या अंगावर सगळीकडे उजेड पडतोय ना, तेही बघा.