पर्टिक्युलॅरिटीची तीन उदाहरणं

"माझे काका जिवंत आहेत का, एवढंच मला सांगा," असं म्हणून ती खुर्चीच्या कडेवर टेकली.

भाऊजींनी कप बशीत ठेवून वही उघडली. थोरला भाऊ गेल्यापासून ते वहिनींना खासगी चौकशीच्या कामात मदत करत. म्हणजे टिपणं घेत आणि घाबरत.

पुतणीने रडू आवरून सगळं सांगितलं. काका इंग्रजी-मराठी कोशाचे मुख्य संपादक. आईवडिलांमागे त्यांनीच तिला वाढवलं. तीन आठवड्यांपूर्वी 'हवापालटाला मित्राकडे जातो, शोधू नकोस' अशी चिठ्ठी ठेवून ते गेले. त्यांच्या अक्षरातली शब्दांची कार्डं मात्र कोशाच्या कचेरीत टपालाने येत राहिली.

"काल हे आलं. शिक्का बघा वहिनी. याच शहराचा आहे."

"कोशाच्या चालू खंडाचे किती शब्द उरलेत?" वहिनींनी विचारलं.

"चार."

"आणि ते झाले की?"

तिने कार्ड वहिनींच्या हातात दिलं.

कार्डावर शब्द होता 'पर्टिक्युलॅरिटी'. खाली तीन अर्थ आणि प्रत्येकाला एक मराठी उदाहरण. अक्षर कापरं होतं.

तपशील: खोलीचा तपशील विचाराल तर खिडकी एकच, छताला टेकलेली, तीतून लोकांचे फक्त पाय दिसतात.

वेगळेपण: शाईत रॉकेल मिसळलं की त्या वासाचं वेगळेपण भिंतीतून वर्षानुवर्षं जात नाही.

काटेकोरपणा: कुलूप लावल्यावर तो ते तीनदा ओढून पाहतो, असा त्याचा काटेकोरपणा.

"काका मनाने उदाहरणं रचत नाहीत," पुतणी म्हणाली. "डोळ्यांनी पाहिलेलंच लिहितात."

वहिनींनी चप्पल पायात सरकवली. "भाऊजी, उठा."

कचेरी छापखान्याच्या माडीवर होती. छापखान्याचे मालक खालीच भेटले. खिसे चाचपत होते.

"किल्ल्या पुन्हा हरवल्या! जाऊ दे, दार सताड उघडंच असतं माझं. कोश? मला इंग्रजी येत नाही हो. काकांच्या अक्षरातलं कार्ड आलं की छापायचं, दुसऱ्या कुणाचं छापायचं नाही, असं ठरलंय आमचं."

"खाली तळघर आहे ना?"

"जुनं यंत्र होतं तिथे. तेव्हा छपाईच्या अक्षरांचे खिळे रॉकेलने धुवायचो. नवीन यंत्र आलं, तळघर बंद केलं. जुनी कार्डं ठेवायला म्हणून किल्ली वरच्या लोकांना दिली."

वरचे लोक दोनच. मुद्रितशोधक म्हणजे चष्म्याआडून कागदाला नाक लावणारा हडकुळा माणूस.

"मी स्वल्पविराम सोडत नाही, तर उदाहरण सोडेन? कालचं कार्ड वाचून अंगावर काटा आला. म्हणून तर मीच ते काकांच्या पुतणीला दिलं." त्याने आवाज खाली आणला. "जाण्याआधी काका म्हणाले होते, 'एम' अक्षराचा निम्मा भाग दुसऱ्या कोशातून उचललाय, प्रस्तावनेत तसं कबूल करणार आहे."

सहसंपादकांनी हसून स्वागत केलं. "काकांना विश्रांती हवीच होती. 'एल' आणि 'एम' मीच तर ओढून नेले."

"कार्डावरची उदाहरणं कशी वाटली?"

"ती काकांची हौस. मी फक्त अर्थ तपासतो. बाकीचं वाचायला वेळ कुणाला?"

त्यांनी कपाट बंद केलं, कुलूप घातलं. खट, खट, खट. भाऊजी टिपण लिहीत होते. त्यांना आवाज ऐकू आला, पण डोक्यात काही शिरलं नाही.

वहिनी खाली जाऊन दहा मिनिटांनी परतल्या. तिघांना आणि मागून येऊन पोचलेल्या पुतणीला टेबलाभोवती बसवलं.

"हवालदार तळघराचं दार फोडायला गेलेत," त्या शांतपणे म्हणाल्या. "तोवर बोलू."

पुतणीने भाऊजींचं मनगट धरलं. तिची बोटं गार पडली होती.

"पाय दिसणारी खिडकी तळघरालाच असते. शाई आणि रॉकेल एकत्र मुरलंय ते याच इमारतीच्या पोटात. किल्ली माडीवर. म्हणजे माणूस माडीवरचा. काकांना ती चिठ्ठी लिहायला लावून कोंडलं, कारण प्रस्तावना लिहिली जाऊ नये. जिवंत ठेवलं, कारण त्यांच्या अक्षराशिवाय खंड पुरा होत नाही."

"मग माझ्यावरही संशय येतो," मुद्रितशोधक पुटपुटला.

"तुम्ही प्रत्येक ओळ वाचता. हे कार्ड तुमच्या हातून टपालात पडलंच नसतं. ते टाकणाऱ्याने उदाहरणं वाचलीच नाहीत." वहिनी वळल्या. "चोरलेला 'एम' तुमचा, साहेब. उदाहरणं न वाचणारे तुम्ही. आणि मघाशी कपाटाचं कुलूप तुम्ही तीनदा ओढलंत. स्वतःची सवय स्वतःला दिसत नाही."

सहसंपादकांचा चेहरा पांढराफटक पडला. "मी त्यांना रोज जेवण देत होतो," ते म्हणाले. "रोज! चार कार्डं झाली की सोडणारच होतो."

"कुठे सोडणार होता?" वहिनींनी विचारलं.



खालून लाकूड फुटल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. किती तरी वेळाने जिन्यावर पावलं वाजली. एकाची जड, दुसऱ्याची फरफटत.

हवालदाराच्या खांद्याला धरून काका दारात उभे राहिले. दाढी वाढलेली, डोळे उजेडाने मिटलेले.

"काका!" पुतणी धावली.

त्यांनी तिचा चेहरा चाचपला. तोंडून शब्द फुटेना. आयुष्यभर शब्दांत राहिलेला माणूस नुसता थरथरत होता.

घरी नेल्यावर तिने त्यांना खाटेवर निजवलं आणि वाऱ्याने हलणारं दार लोटायला गेली.

"नको," काका दचकून म्हणाले. "बाळ, ते लावू नकोस."

तिने शेजाऱ्यांकडून पेचकस मागून आणला आणि भाऊजींच्या मदतीने दाराची कडी काढून टाकली.