खाजणातलं लपण

धुकं इतकं दाट होतं, की ओडेसाने सरावासाठी फेकलेलं कापडी बदक दिसलंच नाही, नुसतं पाण्यात पडल्याचं ऐकू आलं. "आण!" म्हणताच टॅफीने उडी घेतली. चेसापीकच्या खाडीवरच्या, पाण्यात पडलेली शिकार आणून देणाऱ्या तांबूस रिट्रीव्हर जातीची ती कुत्री, जेमतेम दहा महिन्यांची. बदकांच्या शिकारीचा मोसम लागेपर्यंत ती तयार झाली नाही, तर बाबा तिला कुणालातरी देऊन टाकणार होते.

टॅफी परत आलीच नाही.

लव्हाळे बाजूला सारत ओडेसा पुढे गेली. शिकाऱ्यांच्या, खांबांवर उभ्या असलेल्या एका मोडक्या लपणासमोर टॅफी बसली होती. लपण रिकामं होतं. तरी ती मान वर करून आत बघत होती... शेपटी हलवत.

"भारीच शिस्तीची आहे हो तुमची कुत्री."

ओडेसा किंचाळलीच. धुक्यातून एक होडी आली. वल्ह्यांवर एक उंच तरुण.

"अहो, असं भुतासारखं येतात का?"

"भूत कधी वल्हं मारतं होय?" तो हसला. डोळे मात्र लपणावर होते. "मी एल्टन, पलीकडच्या बेटावरचा. तिला बसायला तुम्ही सांगितलंत?"

"नाही. तुम्ही?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. मग रोजच. होडीतून तो कापडी बदक फेकायचा, काठावरून ओडेसा टॅफीला सोडायची. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कळलंही नाही.

"हात असा नाही, असा कर," म्हणत काठावर उतरून तो तिचं मनगट धरायचा— आणि सोडायला जरा उशीरच करायचा.

"कुत्रीला शिकवतोयस की मला?"

"टॅफी पटकन शिकते. तूच..."

"मी काय?"

"तू समोर असलीस की माझंच चुकतं."

ओडेसाचे कान तापले.

पण लपणाकडे वळली, की टॅफी बसायचीच. एका सकाळी वारा अजिबात नव्हता. तरी लव्हाळे आपोआप दुभंगत लपणापर्यंत गेले. कुणीतरी सावकाश चालत गेल्यासारखे.

"एल्टन... पाहिलंस?"

"पाहिलं." होडी काठाला लावून तो खाली उतरला. "माझा भाऊ रूबेन. जानेवारीत इथूनच जखमी बदकामागे पाण्यात उतरला. भरती होती. होडी सापडली, तो नाही. सगळ्यांनी शोध सोडला. मी नाही सोडला. म्हणून येतो इथे."

ओडेसा काही बोलणार, तोच टॅफीने हुकूम नसताना उडी घेतली. लपणाच्या खांबांमागे गेली आणि तोंडात काहीतरी धरून पोहत आली. ओडेसाच्याच हातात द्यायचं, एवढं तिला पक्कं शिकवलेलं. पण ती ओडेसाला ओलांडून एल्टनसमोर बसली, आणि अंडं ठेवावं तशी हलकेच एक लोकरी टोपी तिने त्याच्या ओंजळीत ठेवली. आत आईने शिवलेलं रूबेनचं नाव होतं.

एल्टन चिखलातच बसला. ओडेसाने त्याचं डोकं पोटाशी धरलं. तो रडला, खूप वेळ.

"संपलं," शेवटी तो म्हणाला. "आता उद्या इथे यायला कारण..."

"नाही?" तिचा आवाज अगदी बारीक झाला.

"कारण खोटंच होतं गं. कितीतरी दिवस मी त्याच्यासाठी येतच नव्हतो. लाज वाटायची— भाऊ पाण्यात, आणि मी तुझ्या एका हसण्यासाठी वल्हं मारतोय..."

"वेड्या... मी रोज आधी तुझ्या होडीची चाहूल घ्यायची. मगच कुत्रीला सोडायची."

त्याचे गारठलेले हात तिने आपल्या कोटाच्या खिशात घातले.

"बाबांना काय सांगू? टॅफीने माझं ऐकलंच नाही."

"सांग, तयार झाली."

धुकं अजून तसंच होतं. टॅफीला घेऊन दोघं होडीत बसली. एल्टन वल्हवू लागला, ओडेसा त्याच्यासमोर. तिच्या पाठीमागे लपण दूर दूर जात होतं. तिथे लव्हाळे हलत होते की नाही, कोण जाणे. एल्टन तिच्याकडेच बघत होता.