जयदीपकाकांचं भुतांचं गॅरेज

गुंजनला उलटी झाली ती थेट गौरांगीच्या पांढऱ्या बुटांवर.

"शी," शौनक दोन पावलं मागे सरकला. "हिनं कँडी खाल्ली असणार. आईनं सांगितलं होतं ना, घरी नेऊन तपासल्याशिवाय खायची नाही म्हणून?"

गौरांगीनं मधमाशीचा वेश घातलेल्या सहा वर्षांच्या गुंजनला फुटपाथच्या कडेला बसवलं आणि तिची पिशवी उघडून पाहिली. एकाही चॉकलेटचा कागद फाटलेला नव्हता.

"मी नाही खाल्ली," गुंजन रडवेल्या आवाजात म्हणाली. "माय हेड हर्ट्स, ताई."

हॅलोवीनची, भुताखेतांचे वेश घालून घरोघरी कँडी मागत फिरायची संध्याकाळ होती. साडेसहालाच काळोख झाला होता आणि कॅनडातल्या कोक्विटलाममधल्या त्या उताराच्या रस्त्यावर पाऊस झिमझिमत होता. घराघरांच्या पायऱ्यांवर कोरलेले भोपळे मिणमिणत होते. तेरा वर्षांची गौरांगी अंतराळवीर झाली होती, तिचा अकरा वर्षांचा भाऊ शौनक सांगाडा. शेजारची गुंजन त्यांच्या जबाबदारीवर आली होती. निघताना त्यांच्या आईनं, जयंतीनं, तिघांच्या कपड्यांवर चमकत्या पट्ट्या चिकटवल्या होत्या आणि तीन-तीनदा बजावलं होतं, "अनोळखी घरात पाऊल टाकायचं नाही. दारातूनच कँडी घ्यायची. जयदीपकाकांकडे आत गेलात तर चालेल, ते आपलेच आहेत."

जयदीपकाका व्हँकुव्हरला सिनेमाच्या सेटवर लाइट लावायचं काम करायचे. यंदा त्यांनी आपल्या गॅरेजचंच भुतांचं घर केलं होतं. भिंतींना आणि मोठ्या दाराच्या फटींना काळं प्लॅस्टिक, जमिनीवर फॉग मशीनचा पांढरा धूर, लाल-हिरवे दिवे. सगळ्यात शेवटी एक शवपेटी. त्यात काकांची सतरा वर्षांची मुलगी सलोनी प्रेत होऊन पडली होती. बाजूच्या छोट्या दारानं आत शिरायचं, पेटीपर्यंत जायचं आणि परत फिरायचं. पेटीजवळ पोचलं की सलोनीचा हात झपकन बाहेर यायचा आणि मनगट धरायचा.

गुंजन तीनदा आत जाऊन आली होती आणि तिन्ही वेळा गौरांगी तिच्याबरोबर होती. शौनक एकदाही गेला नव्हता. "कोणीतरी पिशव्या सांभाळायला हव्यात ना," असं तो म्हणाला होता, पण त्याचं खरं कारण बहिणीला ठाऊक होतं.

"तुझं डोकं दुखतंय का?" गौरांगीनं त्याला विचारलं.

"नाही. का?"

"माझं दुखतंय. मघापासून."

गॅरेजबाहेरच्या रांगेपलीकडे एक बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या कडेवरचं भोपळ्याच्या वेशातलं बाळ मान टाकून पडलं होतं. ती दोघंही नुकतीच गॅरेजमधून बाहेर आली होती. गौरांगीच्या मनात काहीतरी खुपलं. आत गेलेल्यांनाच त्रास होतोय, आणि बाहेर राहिलेला शौनक ठणठणीत आहे.

तिला आणखी एक गोष्ट आठवली. पहिल्या दोन वेळा सलोनीनं मनगट पकडून हळूच डोळा मारला होता. तिसऱ्या वेळी तिचा हात बाहेर आलाच नव्हता.

गॅरेजच्या छोट्या दारापाशी जयदीपकाका ड्रॅक्युलाचा झगा घालून उभे होते.

"काका, सलोनीताई ठीक आहे ना? ती हललीच नाही."

"मग प्रेत हलतं का?" काका खूश होऊन हसले. "मीच तिला सांगितलं, आता एकदम स्टिल राहा. लोक जास्त घाबरतात. तूही घाबरलीस, बघ."

"काका, गुंजनला उलटी झाली."

"अगं, लहान आहे ती. एवढी घाबरवायला नको होतं. घरात काकू आहेत, जा, तोंड धुऊन आण तिचं."

घरात चित्राकाकू किचनच्या ओट्याशी कपाळ दाबत बसल्या होत्या. "या गं. माझंही डोकं भणभणतंय आज. गोळी घेतली, तरी उतरत नाही."

गुंजनचं तोंड धुताना गौरांगीला पायांखाली बारीक थरथर जाणवली. गॅरेजकडे उघडणाऱ्या दारामागून एकसुरी घरघर येत होती.

"काकू, हा आवाज कसला?"

"जनरेटर आहे. त्या मशीननं आणि दिव्यांनी सारखा ब्रेकर उडत होता, म्हणून काकांनी भाड्यानं आणला. अंगणात होता, पण पाऊस आला तसा आत घेतला. पेटीच्या मागे ठेवलाय, दिसू नये म्हणून."

ओट्यावर, कँडीच्या भांड्याशेजारी, छताला लावायचा धुराचा गोल अलार्म उपडा पडला होता. त्याच्या बॅटऱ्या बाजूला काढून ठेवलेल्या होत्या.

"आणि हा?"

"तो सारखा ओरडत होता गं. फॉगच्या धुरानं. शेवटी काकांनीच काढला."

अलार्मच्या मागे एक पिवळं स्टिकर होतं. गौरांगीनं ते वाचलं, मग पुन्हा वाचलं. तीनदा वाजला तर धूर. चारदा वाजला तर कार्बन मोनॉक्साइड. शाळेत आलेल्या अग्निशमन दलाच्या बाईंनी सांगितलेलं तिला आठवलं. हा वायू इंजिनातून निघतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही. आधी डोकं दुखतं, मग मळमळतं, मग झोप येते. त्या झोपेतून माणूस उठत नाही.

तिनं बॅटऱ्या घातल्या. घाईत एक बॅटरी उलटीच बसली. ती काढून पुन्हा घातली. काही क्षण शांतता. मग अलार्म किंचाळला आणि तिनं मोजलं. एक, दोन, तीन, चार. थांबला. पुन्हा एक, दोन, तीन, चार.

"बघ, लागला ओरडायला," काकू म्हणाल्या.

"काकू, हा धूर नाही. हा विषारी वायू आहे, घरातही आलाय. प्लीज, आत्ता बाहेर चला."

तिच्या चेहऱ्याकडे पाहून काकू उठल्या आणि लगेच खुर्चीची पाठ धरून थांबल्या. त्यांना चक्कर आली होती. एका हातानं त्यांना आणि दुसऱ्या हातानं गुंजनला धरून गौरांगीनं समोरच्या दारातून दोघींना पावसात आणलं आणि तशीच ती काकांकडे धावली.

"काका, जनरेटर बंद करा. सगळ्यांना बाहेर काढा. आत कार्बन मोनॉक्साइड आहे."

काकांचं हसू मावळलं, पण ते जागचे हलले नाहीत. "गौरांगी, मी बारा वर्षं जनरेटरवर काम करतोय. सेटवर रोज चालतात."

"सेटवर ते बाहेर ट्रकमध्ये असतात ना?"

"हे बघ, आत पाच मुलं आहेत. ओरडाआरडा केलास तर अंधारात पडतील, एकमेकांना तुडवतील. ती आली की बघतो मी. पाच मिनिटं थांब." एवढं बोलून ते रांगेतल्या पुढच्या मुलाकडे वळले.

पाच मिनिटं. सलोनी तिथे दोन तास पडून होती.

गौरांगीनं वाद घातला नाही. ती शौनकला बाजूला ओढून कुजबुजली, "गॅरेजचं मोठं दार उघडायचं बटण आतल्या भिंतीवर असतं ना? किचनच्या दाराजवळ?"

"हो, आपल्यासारखंच. उजवीकडे."

"काका उघडू देणार नाहीत. मला मदतीसाठी नाइन-वन-वनला फोन करायचाय, आणि माझं डोकं आधीच गरगरतंय. तू आत गेलेला नाहीस, तू ठीक आहेस. मोठा श्वास घे, रोखून धर, दार उघड, बटण दाब आणि मागे फिर. आत थांबायचं नाही. जाशील?"

सांगाड्याच्या मुखवट्याआड शौनकचा श्वास जोरात चालला होता. त्यानं मुखवटा काढून तिच्या हातात दिला आणि तो पळाला.

किचनमध्ये अलार्म अजून किंचाळत होता. शौनकनं छातीभर श्वास घेतला आणि गॅरेजचं दार ढकललं. लाल-हिरवे दिवे सोडले तर पुढे नुसता काळोख, त्यात तरंगणारा पांढरा धूर आणि कुठेतरी एका लहान मुलाचं मुसमुसणं. त्यानं उजवीकडे भिंतीवर हात फिरवला. प्लॅस्टिकच लागलं. सगळीकडे काळं, गुळगुळीत प्लॅस्टिक. बटण त्याच्याखाली होतं. छाती फुटेल असं वाटू लागलं. त्यानं नखांनी प्लॅस्टिक ओरबाडून फाडलं. बोटाला काहीतरी टणक लागलं, त्यानं ते दाबलं आणि तो मागे पळाला.

गॅरेजचं मोठं दार करकरत वर जाऊ लागलं. फटींवर चिकटवलेलं प्लॅस्टिक टराटरा फाटलं आणि धुराचा लोट रस्त्यावर आला. दिव्यांच्या उजेडात मुलं अडखळत बाहेर पडली. पाचच्या पाच. रांगेतल्या लोकांना वाटलं, हाही खेळाचाच भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

शवपेटीतली सलोनी उठली नाही.

"सलोनी," जयदीपकाकांनी हाक मारली. "बस झालं. ऊठ."

टाळ्या हळूहळू थांबल्या.

"सलोनी, ऊठ."

मग काका धावले. झग्यात पाय अडकून पडले, उठले, तिला दोन्ही हातांवर घेऊन बाहेर आले आणि ओल्या गवतावर बसले. तिची मान मागे लोंबत होती. आवाज येत होता तो फक्त गौरांगीचा. एक हात गुंजनच्या खांद्यावर ठेवून ती फोनवर घराचा नंबर सांगत होती, पत्ता सांगत होती, आणि पलीकडच्या बाईंनी विचारलं तेव्हा ती सलोनीच्या छातीकडे निरखून पाहत म्हणाली, "हो. श्वास चालू आहे. पण खूप हळू."

तो श्वास मोजत बसणं गौरांगीला आयुष्यात सगळ्यात कठीण वाटलं. दर वेळी वाटायचं, आता पुढचा येणार नाही.

बंब सात मिनिटांत आला आणि त्याच्यामागून ॲम्ब्युलन्स. सलोनीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क बसवून तिला नेलं. गुंजनला, काकूंना, गौरांगीला, बाळ घेतलेल्या बाईंना, बाळाला आणि त्या पाच मुलांनाही ऑक्सिजन लावून तपासलं. जनरेटर बंद करून दलाचे प्रमुख मीटर घेऊन बाहेर आले. पाठोपाठ धावत पोचलेल्या जयंतीला ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या मुलांनी दार उघडलं नसतं तर उशीर झाला असता. आम्ही कितीही वेगात आलो असतो तरीही."

जयंतीनं दोन्ही मुलांना घट्ट धरलं. मग म्हणाली, "मी तुम्हाला साऱ्या जगाची भीती घातली, आणि इथे बिनधास्त पाठवलं."

सलोनी तिसऱ्या दिवशी घरी आली. ती फिकट दिसत होती, पण बोलत होती. भेटायला आलेल्या गौरांगीला आणि शौनकला ती म्हणाली, "लोक बोलत होते ते मला ऐकू येत होतं. हात उचलायचा होता. पण उचलताच येत नव्हता."

जयदीपकाका खिडकीपाशी पाठ करून उभे होते. हे ऐकून ते वळले. "गौरांगी, तू मला सांगत होतीस आणि मी हसलो. आत माझी मुलगी होती." त्यांनी टेबलावरचा पत्त्यांचा कागद उचलला. "त्या दिवशी जी जी मुलं आत गेली, त्यांच्या घरी जाऊन चौकशी करतोय, डॉक्टरांना दाखवा म्हणून सांगतोय. काही जण दार उघडतात, काही जण तोंडावर बंद करतात. ते बरोबरच आहे. अजून अकरा घरं राहिलीत. तुम्ही दोघं बरोबर आलात तर लोक निदान ऐकून घेतील."

गौरांगीनं शौनककडे पाहिलं. तो जॅकेटची चेन लावतच होता.

"चला, काका," ती म्हणाली. "कोपऱ्यावरच्या घरापासून सुरू करू."