डाव्या बाजूचा ब्रेक

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मीसुद्धा असल्या गोष्टी हसण्यावारी न्यायचो. पण ही माझ्या सख्ख्या मावशीच्या घरी घडली आहे. मधला भाग तिने मला सांगितला, आणि शेवटचा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

भुतं रात्री येतात म्हणे.

हे सगळं भर दुपारी घडलं. जेवणं आटोपतात, गल्ली पेंगायला लागते, त्या वेळी. मावशीच्या घराला लागून पत्र्याची एक शेड आहे, तिथून सुरुवात झाली.

त्या शेडमध्ये एक पांढरी जपानी गाडी उभी असते... अजूनही.

मावशीचे यजमान गाडी चालवायला शिकवायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत, चारचौघांत मावशीसुद्धा. सुरुवातीला त्यांच्याकडे याच कंपनीची एक जुनी हिरवी गाडी होती, दुसऱ्याने वापरून सोडलेली. ती थकली तेव्हा त्यांनी ही पांढरी कोरी घेतली. कंपनी बदलायचा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही.

शिकाऊ लोकांनी त्या गाडीचे काय हाल केले नसतील! गिअर ओरबाडले, क्लच जाळले, भिंतीला नेऊन टेकवली. टायर बदलले, क्लचप्लेटी बदलल्या, सीटची कव्हरं मावशीने स्वतः शिवली. पण भर रस्त्यात ती कधी बंद पडली नाही. सकाळी किल्ली फिरवली की एका झटक्यात सुरू.

"सवत असावी तर अशी," मावशी म्हणायची. "ना रुसते, ना माहेरी जाते."

पहिल्या दिवशी मास्तर कुणालाच स्टिअरिंगला हात लावू द्यायचे नाहीत. आधी गोष्ट ऐकायची.

"ही कंपनी आधी गाड्या बनवत नव्हती. कापड विणायचे माग बनवायची. त्या मागाची खुबी काय? एक धागा तुटला, की माग आपोआप थांबायचा. तुटक्या धाग्यावर पुढचं कापड विणायचंच नाही. चूक झाली की आधी थांब. मग पुढचं."

आणि ते आपल्या पायाखालचा ब्रेक दाबून दाखवायचे. शिकवायच्या गाडीला डाव्या बाजूलाही एक ब्रेक असतो, शिकवणाऱ्यासाठी. मास्तरांच्या त्या ब्रेकला एक आवाज होता. कितीही तेल घाला, जायचा नाही.

कर्र... टक्.

तो आवाज लक्षात ठेवा.

मावशीला मूलबाळ नाही. होता तो तिचा धाकटा भाऊ, माझा मामा. आजी लवकर गेली, म्हणून मावशीनेच त्याला लहानाचा मोठा केला. मास्तरांनी त्याला गाडी शिकवली आणि आपल्याच क्लासमध्ये दुसरा मास्तर म्हणून उभं केलं. "माझ्यामागे क्लास तुझाच," असं ते त्याला कितीदा तरी म्हणाले होते.

त्या दिवशी मावशी आमच्या घरी आली होती. उन्हं कलायच्या आधीच मामाचा फोन आला.

"ताई... लवकर ये. भाऊजी..."

मावशी पोहोचली तेव्हा मास्तर उंबऱ्यापाशी भिंतीला टेकून बसलेले होते. अंगात बाहेर जायचा शर्ट. एका पायात बूट.

दुसरा पाय अनवाणी.

मामा हमसून हमसून रडत होता. "छातीत दुखतंय म्हणाले गं. मी धावत शेडमध्ये गेलो. किल्ली फिरवली, परत फिरवली... गाडी सुरूच झाली नाही. दुसरी कुणाची गाडी मिळेपर्यंत सगळं संपलं."

मावशी आधी रडली नाही. ती शेडमध्ये गेली आणि तिने त्या गाडीच्या बॉनेटवर दोन्ही हात आपटले.

"जन्मभर तुला पुसलं. जन्मभर! एकच दिवस लागणार होतीस. त्याच दिवशी दगा दिलास?"

माणसाने दगा दिला तर त्याला जाब तरी विचारता येतो. लोखंडाला काय विचारणार? मावशीने गाडीवर ताडपत्री टाकली आणि शेडकडे पाठ फिरवली.

काही दिवस असेच गेले.

मग एका दुपारी मावशी आतल्या खोलीत आडवी झाली होती. त्या खोलीची भिंत शेडला लागून आहे. डोळा लागतो न लागतो...

कर्र... टक्.

मांजर असेल, म्हणून तिने कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी, त्याच वेळी... कर्र... टक्. मग शांत. मग पुन्हा. कुणीतरी वाट बघून कंटाळलं की पाय हलवतं ना, तसं.

मावशी भित्री नाही. ती उठली आणि शेडमध्ये जाऊन तिने ताडपत्री ओढली.

गाडी बंद होती. दारं लॉक होती. बाकीच्या काचा कोरड्या होत्या.

फक्त डाव्या काचेवर वाफ धरली होती.

आतून.

तिने पदराने काच पुसली. बाहेरून पुसून काय होणार? ती वाकून समोरच्या काचेतून बघायला लागली. डाव्या सीटवर कुणीही नव्हतं.

पण सीटचा पट्टा लावलेला होता... रिकाम्या सीटवर, ताणून.

तिने हे मामाला सांगितलं. मामाच्या चेहऱ्याचा रंगच उडाला.

"ताई, ती गाडी काढून टाक. अपशकुनी आहे. मी उद्याच नेतो, जुन्या गाड्या घेणारा एक आहे ओळखीचा."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते हेच. पण मावशीला तेव्हा ते कुठे दिसायला? तिचा सगळा राग गाडीवर होता. ती हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा आला. मावशी म्हणाली, "ओढून न्यावी लागेल ना? ही तर सुरूच होत नाही."

मामाने सवयीने किल्ली लावून फिरवली.

एका झटक्यात सुरू.

मामाने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "बॅटरी... उतरली असेल तेव्हा. आता भरली असेल."

"शेडमध्ये उभ्या उभ्या? आपोआप?"

मावशी काय समजायचं ते समजली नव्हती अजून, पण त्याला एकट्याला जाऊ द्यावंसं तिला वाटेना. "मीही येते," ती म्हणाली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. डाव्या सीटवर बसायला तिचा जीव धजेना.

बाजार मागे पडला. पुढे रस्ता सरळ होता, मोकळा होता. मामाने वेग वाढवला.

कर्र... टक्.

गाडी जागच्या जागी थांबली. मावशीचं डोकं पुढच्या सीटवर आदळलं.

"काय रे हे?"

"मी... मी नाही दाबला, ताई."

मावशीने मान लांब करून पुढे पाहिलं. डाव्या बाजूचा ब्रेक खालपर्यंत दाबलेला होता. त्याच्यावर पाय नव्हता. कुणाचाच.

मामाने ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडलं, गाडी थरथरली, पण तसूभर हलली नाही. त्याच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. तो डावीकडे बघत नव्हता. उजवीकडे तर मुळीच नाही.

म्हणून मावशीने उजवीकडे पाहिलं.

एका नव्या ड्रायव्हिंग क्लासची पाटी होती. दारातून क्लासचा मालक चहाचा ग्लास घेऊन हसत बाहेर आला.

"अरे वा! मास्तरांची गाडी! पुन्हा आणलीस होय?"

"नंतर बोलू," मामा घाईघाईने म्हणाला.

"पुन्हा म्हणजे?" मावशीने विचारलं.

मालकाने आत वाकून पाहिलं आणि तो एकदम गंभीर झाला. "वहिनी, तुम्ही! मास्तरांचं फार वाईट झालं हो. मला तर चुटपुट लागून राहिली. नेमका त्याच दुपारी हा इथे होता. आमच्याकडे नोकरीला येतो म्हणाला, मी म्हटलं, आधी शिकवून दाखव. आमची गाडी दुरुस्तीला होती, म्हणून हीच घेऊन आला होता."

मावशीच्या पायाखालची जमीन सरकली. तरी तिचा आवाज शांत होता, असं ती सांगते.

"सुरू झाली होती?"

मालकाला प्रश्नच कळला नाही. "कोण, ही? वहिनी, मास्तरांची गाडी ती. एका किल्लीत!"

कर्र... टक्.

ब्रेक सुटला. सावकाश वर आला.

मालक आत गेला. गाडीत आता मावशी आणि मामा. आणि... असो.

"घरी तू नव्हतासच," मावशी म्हणाली.

मामाची मान खाली.

"त्यांनी फोन केला होता?"

"केला होता. मला वाटलं, गाडी कुठे नेलीस म्हणून ओरडतील. मी कट केला."

"परत केला?"

"...हो."

"परत कट केलास?"

मामा रडायला लागला. त्या दिवशी रडला होता, तसाच. मावशीला तेच जास्त लागलं.

"तुला क्लास देणार होते रे ते. आणि तू पाठीमागून दुसरीकडे जागा बघत होतास? तेही जाऊ दे. पण एक फोन? उंबऱ्यात बसून बूट घालत होते ते, तू गाडी घेऊन येशील म्हणून. केसाने गळा कापलास! आणि मी वेडी, या मुक्या गाडीला शिव्या घालत बसले."

"ताई, माझं चुकलं..."

"उतर."

मामा उतरला. मावशी स्टिअरिंगवर बसली. मास्तरांनी तिलाही शिकवलं होतं, पण कित्येक वर्षांत तिने गाडी चालवली नव्हती. तिने पट्टा लावला. आरसा पाहिला. आरशात मामा रस्त्याच्या कडेला उभा होता. तिने गिअर टाकला.

चौकात आल्यावर तिने डावीकडचा दिवा लावला. डावीकडे घर.

कर्र... टक्.

गाडी थांबली. मागून हॉर्न वाजायला लागले.

"आता काय राहिलं हो?" मावशी रिकाम्या सीटकडे बघून म्हणाली.

आणि तिला कळलं.

चौकातून उजवीकडे हॉस्पिटल होतं.

तिने दिवा बदलला. मग तो ब्रेक एकदाही वाजला नाही. गाडी लोण्यासारखी चालली. हॉस्पिटलच्या दारात तिने गाडी उभी केली, आणि शेजारच्या पट्ट्याचा चाप आपोआप सुटला. पट्टा सुळकन मागे गेला.

दारावरचा वॉचमन सवयीने पुढे आला. त्याने डावं दार उघडलं. आधाराला हात पुढे केला...

"सावकाश, आजोबा," तो म्हणाला. "आणि दुसरा बूट कुठाय?"

मावशी तिथेच, स्टिअरिंगवर डोकं ठेवून, पहिल्यांदा मोकळेपणी रडली.

गाडी विकली नाही. दुपारचे आवाज बंद झाले. आम्हाला वाटलं, संपलं.

पण मामाचं वेगळंच सुरू झालं. त्याच्या हाताने गाडीच सुरू होईना. नव्या क्लासची नवी कोरी गाडी... नाही. मित्राची... नाही. दुसऱ्याने किल्ली फिरवली की लगेच सुरू. मामाने फिरवली की नुसतं खट्ट. त्याने जी थाप मारली होती, तीच त्याच्या नशिबी आली. नोकरी गेली. आता तो गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटा राहतो. तब्येत बरी नसते.

गेल्या महिन्यात मी मावशीकडे गेलो होतो. दुपारची वेळ. ती कपड्यांच्या घड्या करत होती. टेबलावरचा तिचा फोन वाजला.

मामाचा.

"उचल ना, मावशी."

"वाजू दे." तिने मान वर केली नाही. "यांचाही वाजला होता."

फोन वाजत राहिला. थांबला. परत वाजायला लागला.

आणि शेडमध्ये गाडी सुरू झाली.

एका झटक्यात.

मी भिंतीकडे पाहिलं. गाडीची किल्ली माझ्या डोळ्यांसमोर खिळ्याला लटकत होती.

मावशीचे हात थांबले. डोळे भरून आले होते, पण ओठ घट्ट मिटलेले. ती शेडच्या भिंतीकडे बघून म्हणाली, "हाक आली की धावायचं, तुमचा स्वभावच तो. तुम्ही खुशाल जा. मी नाही येणार."

फोन थांबला. इंजिनही थांबलं.

मी शेडमध्ये धावलो. तिथे कुणी नव्हतं. ताडपत्री जागच्या जागी. खाली हात घातला, तर बॉनेट तापलेलं होतं.

नंतर मी मामाला विचारलं, तर म्हणाला, "सहज केला होता रे." त्याच्या शब्दावर आता कोण विश्वास ठेवणार?

त्या दिवसापासून मामाचा फोन आला, की मी हातातलं काम टाकून लगेच उचलतो. मला त्याची दया येते म्हणून नाही. फोन वाजत राहिला, तर त्या शेडमधून कोण निघेल, याची मला भीती वाटते.