निकड चार

आंबा घाटाच्या तिसऱ्या वळणावर गाडीने भास्कर सापळ्यांना नम्रपणे कळवलं, "आपल्याला घाई नाही. इंधन वाचवत आहे."

शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोला, मालतीबाईंना, धाप लागली होती. कोल्हापुरातली डायलिसिसची वेळ हुकत चालली होती. सापळ्यांनी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला, तरी गाडी गिअर बदलेना. मागून एक टोळकं हॉर्न बडवत, शिव्या घालत भुर्रकन वर गेलं. तांबडा रस्सा खायला.

दुसऱ्या दिवशी सापळे थेट इरावती दाभोळेकडे धडकले. गिअरबॉक्सचा प्रोग्राम तिने लिहिला होता. पूर्वी गिअर वेग बघून बदलायचा, आता माणूस बघून. पायाचा दाब मोजून गाडी चालकाचा 'निकड-अंक' काढायची. शून्य म्हणजे संत, शंभर म्हणजे शेपटाला आग लागलेला.

"तुमचा अंक चार आहे, काका. इतका हलका पाय?"

"अनवाणी चालवतो. दसऱ्याला जिची पूजा करतो, तिच्यात चपला घालून बसू?"

"तिला वाटलं, तुम्ही निवांत आहात."

"काल तळापर्यंत दाबला होता!"

"पायात गोळा आला असेल, असं धरलं तिने."

"शेजारी माझ्या बायकोचा जीव जात होता! ते नाही दिसलं?"

"ते पायात उमटत नाही, काका."

"मग चार खोडा, नव्वद लिहा!"

"हाताने लिहिला की गाडी बंद पडते. तिला शिकवावं लागतं. बूट घाला आणि रोज तासभर चिडा."

तीन आठवडे गाडी रेंगाळते म्हणून आजारी बायकोला डायलिसिसच्या दिवशी पहाटे चारला उठवून न्यायचं आणि रोज संध्याकाळी बाजाराच्या मैदानात बूट घालून गाडीत चिडायचं, असा सापळ्यांचा क्रम चालला. बढती खाणारा साहेब, बांध सरकवणारा शेजारी, पंगतीत रुसलेले व्याही. चाळीस वर्षं गिळलेलं एकेक त्यांनी वर काढलं. साठा भरपूर निघाला.

चौथ्या मंगळवारी गाडी घाट अशी चढली की झाडं मागे पळू लागली.

"अहो, जरा सावकाश," मालतीबाई म्हणाल्या.

"गप्प बस!"

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच. इंजिन खुशीत गरजलं. "निकड ब्याण्णव. अभिनंदन."

पाऊण तास आधीच पोचले. मालतीबाई दाराला धरून एकट्याच उतरल्या.

"गुरुवारी मी एसटीने येईन."

"का? कुणासाठी केलं मी हे सगळं?" सापळे ओरडले आणि त्यांचा पाय ॲक्सिलरेटरवर आपटला.

पडद्यावर आकडा सत्त्याण्णव झाला.