एकदा आलेला प्रश्न

एकदा आलेला प्रश्न पुन्हा येत नाही, हे मी छातीठोकपणे सांगायचो. आमच्या पाहणीच्या ॲपमधली ती करामत माझीच, या मोईजची. समजा, डब्यात प्रश्नांच्या चिठ्ठ्या टाकल्या. एक काढली, वाचली, बाजूला ठेवली. ती पुन्हा डब्यात पडत नाही. समोरचा माणूस बदलला, की डबा नव्यानं भरायचा आणि हलवायचा. माणूस बदलला हे ॲप आवाजावरून ओळखतं. साधी गोष्ट.

पण शिरपूरपलीकडच्या एका गावातून तक्रार आली, की धुरपदाबाईंच्या घरी तेच प्रश्न परत येतात. पाहणी करणारी आमच्या ऑफिसातली मुलगी तिथं पुन्हा पाय ठेवायला तयार होईना. मी हसलो. नाचता येईना अंगण वाकडं, म्हटलं, आणि धुळ्याहून स्वतःच निघालो. जेवायला घरीच येतो, असं बायकोला, हुमाला, सांगून.

वैशाखातली दुपार. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. धुरपदाबाईंनी पाणी दिलं आणि झळ नको म्हणून दाराला आतून कडी घातली. आत अंधार, सारवलेल्या जमिनीचा ओला वास.

"घरात कोण कोण राहतं?"

"मी एकलीच शे, भाऊ."

मग पाण्याचा, रेशनचा, दवाखान्याचा, असे प्रश्न उलटसुलट येत गेले आणि संपले. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. तेवढ्यात टॅबवर अक्षरं उमटली: घरात कोण कोण राहतं?

"अक्का, तुम्ही काही बोललात?"

"नही रे भाऊ. मनं व्हयनं. आते बाकीनास्ले इचार."

"तुमचं झालं, पण बाकीचे...?"

बाईंनी चुलीकडच्या अंधाराकडे पाहिलं. "एकले इचारं म्हंजे बठ्ठास्ले इचारनं पडस. अर्धामा उठतस नहीत."

सगळ्यांना विचारल्याशिवाय अर्ध्यात उठायचं नाही, असं त्या म्हणत होत्या. मी उठलोच. कडी काढली, तरी दार हलेना. दोन्ही हातांनी ओढलं. बाहेरून कुणी कवाड धरून ठेवल्यासारखं ते जड होतं. मोबाइलला रेंज नव्हती. घाबरलो, अगदी लहान मुलासारखा घाबरलो. मग खाली बसलो आणि प्रश्न वाचू लागलो. दुसरं काय करणार?

प्रश्न वाचला की शांतता... आवाज टिपणारी हिरवी रेघ तेवढी हलायची. ती थांबली की पुढचा प्रश्न. सगळे संपले की पुन्हा सुरुवात, पण क्रम निराळा. म्हणजे माणूस निराळा. एकाही माणसाला एकही प्रश्न दुबार आला नाही. माझं काम चोख होतं, आणि मला त्याची शिसारी येत होती. मधेच धुरपदाबाई कुणाला तरी हळूच म्हणाल्या, "धीरे बोल माय, घाबरस तो."

कधीतरी टॅबवर 'पूर्ण' असं आलं आणि दार सैल झालं. मी मागे न बघता पळत सुटलो.

बसमध्ये बसल्यावर हिय्या करून शेवटचं रेकॉर्डिंग लावलं. माझा प्रश्न ऐकू आला: तुम्ही कुठे राहता? मग उत्तर, अहिराणीत.

"आतेपावत आठेच व्हतू. आते धुयाले जाई ऱ्हायनू."

इतके दिवस इथंच होतो, आता धुळ्याला निघालोय, असं तो सांगत होता. अहिराणी मला समजते, पण उभ्या जन्मात मी ती बोललो नाही. आणि आवाज माझा होता.

कंडक्टर तिकिटं फाडत आला. मी पैसे पुढे केले. तो माझ्या शेजारच्याला तिकीट देऊन पुढे गेला.

धुळ्यात उतरलो आणि धावतच घर गाठलं. कधी एकदा हुमाला डोळ्यांनी पाहतो, असं झालं होतं. दार ठोठावलं. तिनं उघडलं.

"हुमा..."

तिनं गल्लीत इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि दार लावून घेतलं. आत ताटं मांडल्याचा आवाज आला. मग माझ्याच आवाजात कुणीतरी तिला विचारलं,

"कोन व्हतं वं?"