शून्य गुणांची परीक्षा

“दाबल्यावर जास्त दुखतं, की दाबलेला हात एकदम काढल्यावर?” हर्षल बोंगाळेने पडद्यावरचा प्रश्न मोठ्याने वाचला.

“हात काढल्यावर,” डॉ. मंदाकिनी निकम ओठ आवळून म्हणाल्या. “आणि तो प्रश्न मीच लिहिलाय. अपेंडिक्स आहे, हर्षल. शंकाच नको.”

चंद्राच्या, पृथ्वीवरून कधीच न दिसणाऱ्या बाजूवर ‘कातळ’ नावाचा तळ होता. चांद्ररात्र सुरू झाली की तिथे दोनच माणसं मागे राहत, एक डॉक्टर आणि एक अभियंता. या खेपेला ही दोघं होती. सौरवादळाने संदेशवाहक उपग्रह मुका करून टाकला होता, त्यामुळे पृथ्वीशी बोलणं बंद. पुढचं यान यायला अजून आठवडा होता. अपेंडिक्स तेवढं थांबणार नव्हतं.

खाटेच्या वर शल्यहस्त आपले चार बाहू दुमडून टांगलेला होता. शस्त्रक्रिया करणारं यंत्र. अपेंडिक्सच काय, हृदयाची झडपसुद्धा त्याला एकट्याला बदलता आली असती.

“मग करू या ना सुरू,” हर्षल म्हणाला.

“पात्र माणूस समोर असल्याशिवाय यंत्राने माणसाला कापायचं नाही, असा कायदा आहे. रुग्णाला स्वतःसाठी ते सुरू करता येत नाही. आणि तुझा निपुणांक कोरा आहे.”

निपुणांक ठरवायची ती ‘अभ्यासिका’. तळावरच्या सगळ्या प्रशिक्षणाचा कारभार पाहणारी ही अध्ययन-व्यवस्था साध्या ब्राउझरमध्ये उघडायची. कोणी कोणता अभ्यासक्रम घ्यायचा, किती गुणांना पास, किती वेळा परीक्षा देता येईल, सगळं तिच्यात नोंदलेलं. तिचा सर्व्हर हर्षलच सांभाळायचा. प्रशासकाचा पासवर्ड मात्र डॉक्टरांकडे होता.

“पासवर्ड द्या, मॅडम. सेटिंग बदललं की काम झालं.”

हे तो नेहमीच म्हणायचा. हवा शुद्ध करणारं यंत्र कुरकुरलं तरी, चहा बेचव झाला तरी. आज डॉक्टरांना हसू आलं नाही. त्यांनी पासवर्ड सांगितला.

उत्तीर्णांक ऐंशी होता. हर्षलने तो शून्य केला. दोन प्रयत्नांमध्ये एक दिवसाची सक्तीची विश्रांती होती, ती काढून टाकली. प्रयत्नांची मर्यादा उडवली. शेवटच्या प्रयत्नाचे गुण ग्राह्य धरले जातील असं ठरवलं. तीन सेटिंग्जना मात्र पृथ्वीवरून कुलूप होतं. एकही प्रश्न सोडून चालणार नव्हता. परीक्षेच्या वेळी दुसऱ्या माणसाचा आवाज आला तर परीक्षा रद्द होणार होती. आणि निपुणांक शंभर झाला की अभ्यासक्रम आपोआप बंद होणार होता. तिसरं कुलूप वाचून तो म्हणाला, “त्याची तरी काळजी नाही.”

चाळीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. त्याने वाटेल तशा टिचक्या मारल्या. अकरा बरोबर आले. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली: उत्तीर्ण.

“बघा!” तो ओरडला.

“आता योजना उघड,” डॉक्टर म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर घाम जमला होता.

योजनेत शस्त्रक्रियेच्या चाळीस पायऱ्या होत्या. एकोणतीस पायऱ्यांपुढे ‘यंत्र’ लिहिलं होतं, अकरांपुढे ‘माणूस’.

“हे काय?”

“हाच निपुणांकाचा पाया आहे. सगळं यंत्रच करायला लागलं तेव्हा डॉक्टरांचे हात विसरले. मग आम्ही आग्रह धरला की माणसाला जे येतं ते माणसानेच करायचं, येत नाही तेवढंच यंत्राने. प्रत्येक प्रश्न एका पायरीचा. उत्तर बरोबर आलं, की ती पायरी तुझी.”

हर्षलने अकरा पायऱ्या वाचल्या. अपेंडिक्सला रक्त पुरवणारी वाहिनी बांधणं त्याच्या वाट्याला आलं होतं.

“पण मी अंदाजे दाबलं होतं!”

“तिला ते कसं कळणार?”

त्याने आभासी सराव लावून पाहिला. पडद्यावरच्या पोटात शल्यहस्ताने सफाईने छेद घेतला, स्नायू बाजूला सारले आणि तो थांबला. हर्षलची पाळी. त्याने दोरा भलतीकडेच आवळला. पडदा लाल झाला. पडद्यावरचा रुग्ण दगावला तेव्हा डॉक्टर खाटेवरून बघत होत्या. हर्षलने सराव बंद केला.

तो म्हणाला, “म्हणजे मला शून्य पडायला हवेत. उत्तीर्णांक शून्य, गुणही शून्य. पासही होईन आणि सगळं यंत्रच करेल.”

“पाड शून्य.”

पुन्हा अंदाजे दाबलं, नऊ बरोबर. मग सगळीकडे पहिला पर्याय, बारा. पर्यायांची जागा दर वेळी बदलायची, प्रश्नही नवे यायचे. तिसऱ्या खेपेनंतर त्याच्या लक्षात आलं, तसा त्याचा चेहरा उतरला.

“मॅडम, चारांतला एक पर्याय चुकून बरोबर लागतोच. सगळी उत्तरं चुकवायची तर प्रत्येक वेळी बरोबर कोणतं ते माहीत पाहिजे.”

“हो,” डॉक्टर म्हणाल्या. “पूर्ण अडाणी ठरायचं तर पूर्ण अभ्यास लागेल.”

एक सेटिंग अजून हाताशी होतं. परीक्षा संपल्यावर बरोबर उत्तरं स्पष्टीकरणासकट दाखवायची. त्याने ते चालू केलं आणि अभ्यासाला बसला. परीक्षा द्यायची, उत्तरं वाचायची, कळलं नाही तर डॉक्टरांना विचारायचं, पुन्हा परीक्षा. बरोबर पर्याय ओळखायचा आणि मुद्दाम दुसरा दाबायचा.

“अपेंडिक्स सापडलं नाही तर काय करायचं?”

“मोठ्या आतड्यावर पांढरट पट्ट्या असतात. त्या धरून खाली जायचं. त्या जिथे एकत्र येतात तिथे त्याचं मूळ. लहान आतडं ओढत बसायचं नाही.”

“मग मी ‘लहान आतडं ओढा’ दाबणार.”

“दाब. पण लवकर.”

गुण उतरत गेले. आठ, सहा, पुन्हा सात. हर्षलने पडद्यावर मूठ आपटली. डॉक्टरांचा ताप चढत होता. पोट फळीसारखं कडक झालं. आधी त्या सविस्तर सांगायच्या, मग एका शब्दात, मग नुसती मान हलवायच्या. चार गुण पडले त्या वेळी त्यांनी त्याला ‘राजू’ म्हणून हाक मारली आणि दप्तर भरलंस का, असं विचारलं. राजू त्यांचा मुलगा, आता स्वतः दोन मुलांचा बाप होता. हर्षल म्हणाला, “भरलं.” आणि पुढची परीक्षा उघडली.

दोन. एक. पुन्हा एक. त्या एका प्रश्नावर त्याने डोकं धरलं. रक्तवाहिनी आधी बांधायची की मूळ आधी, यात तो दोनदा घसरला होता. त्याने आकृती काढून पाहिली, हातांनी हवेत गाठ मारून पाहिली. मग पुन्हा बसला.

या वेळी चाळीसच्या चाळीस चुकले. गुण: शून्य.

“मॅडम! झालं!”

डॉक्टर शुद्धीवर नव्हत्या. हर्षलने योजना उघडली. चाळीसही पायऱ्यांपुढे एकच शब्द होता: माणूस.

काहीतरी बिघडलंय असं समजून त्याने पान पुन्हा उघडलं. खाली निकालाचं स्पष्टीकरण होतं. ‘काहीही न येणाऱ्या माणसाची चाळीसही उत्तरं चुकण्याची शक्यता सुमारे एक लाखात एक. परीक्षार्थी बरोबर पर्याय प्रत्येक वेळी ओळखून टाळत आहे. निपुणांक: शंभर. यंत्रसाहाय्य: शून्य. अभ्यासक्रम पूर्ण झाला. अभिनंदन.’

त्याने सेटिंग्ज उघडली. सगळी राखाडी झाली होती. एकाही चौकटीवर टिचकी लागेना. बंद झालेला अभ्यासक्रम पृथ्वीवरूनच उघडता आला असता. तो अभ्यासिकेला शिव्या देत राहिला, पण तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

डॉक्टरांची नाडी धावत होती. भूल देणाऱ्या यंत्राचा निपुणांकाशी संबंध नव्हता, ते आपलं नेमून दिलेलं काम करू लागलं. शल्यहस्ताने दिवा धरला, हत्यारांचा ट्रे पुढे केला आणि तो स्तब्ध झाला. हर्षलने हात धुतले. हातमोजे घालताना एक फाटला, त्याजागी नवा काढावा लागला.

त्याने सुरी उचलली तेव्हा एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. इतका वेळ त्याने बोटांना चुकीचं तेच निवडायची सवय लावली होती. छेद कुठे घ्यायचा, असं मनात आलं की आधी चुकीची जागा डोळ्यांपुढे यायची. ती इतकी ओळखीची वाटायची की हात तिकडेच वळायचा.

“हे नाही,” तो मोठ्याने म्हणाला आणि सुरी सरकवली. स्नायू कापायचे? “हे नाही.” तंतूंच्या दिशेने बोटांनी बाजूला सारायचे. आत अपेंडिक्स दिसेना. त्याचा हात लहान आतड्याकडे गेला. “हे नाही, हे नाही.” पांढरट पट्टी सापडली. ती धरून तो खाली गेला. मोठ्या आतड्यामागे दडलेलं, सुजून काळपट पडलेलं अपेंडिक्स हाताला लागलं. टोकाशी ते फुटलं होतं. वाहिनी आधी. गाठ सुटली. पुन्हा घातली. या वेळी बसली. पू धुऊन काढताना तो रडत होता, पण पाणी किती घालायचं ते त्याला ठाऊक होतं.

पुढचे दिवस वाईट गेले. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. यान यायच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी पहिल्यांदा नीट डोळे उघडले आणि पाणी मागितलं. मग पांघरूण बाजूला करून जखमेचे टाके बराच वेळ न्याहाळले.

“हे यंत्राचे नाहीत,” त्या म्हणाल्या. “वाकडे आहेत. किती चुका केल्यास रे?”

हर्षलने पांघरूण पुन्हा सारखं केलं. “खूप. पण सगळ्या आधीच करून घेतल्या होत्या.”